समुद्र विज्ञानाच्या स्कॉलरशिपचा अर्ज कसा लिहायचा

समुद्र किंवा पर्यावरण घेऊन मास्टर्स, पीएचडी करणाऱ्यांसाठी जे स्कॉलरशिप फंड असतात त्यातले बरेच छोटे असतात, पूर्ण शिक्षणाचा खर्च नाही निघत पण एका सीझनचं फिल्डवर्क किंवा लॅबचं बिल निघू शकतं, त्यामुळे अर्ज वाचणारा आधी हेच बघतो की एवढ्या पैशात आणि एवढ्या दिवसात हे काम खरंच होईल का.

म्हणून प्रश्न लहान ठेवा. "हवामान बदलाचा प्रवाळांवर परिणाम" हा प्रश्नच नाहीये, तो अख्खा विषय झाला. त्याऐवजी असं लिहा की या एका रीफवर उन्हाळ्यात पाणी तापल्यावर कोणत्या जातीचे प्रवाळ आधी पांढरे पडतात आणि मी ते किती ट्रान्सेक्टवर (मोजणीसाठी आखलेल्या सरळ पट्ट्यांवर), किती वेळा जाऊन मोजणार. पाणी किती तापलं ते सॅटेलाइटच्या डिग्री हीटिंग वीक (पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा किती जास्त आणि किती आठवडे तापलं) या आकड्यावरून कळतं, 4 च्या पुढे ब्लीचिंग म्हणजे प्रवाळ पांढरे पडायची आणि 8 च्या पुढे प्रवाळ मरायची शक्यता धरतात, हा डेटा फुकट मिळतो. तसंच आर्गो या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाचे जवळपास 4000 फ्लोट (आपोआप मोजणारी तरंगती यंत्रं) जगभरच्या समुद्रात दर 10 दिवसांनी साधारण 2000 मीटरपर्यंत तापमान आणि क्षारता मोजतात, तेही कोणालाही डाउनलोड करता येतं. जे आधीच मोजलेलं आहे त्यासाठी बोटीचे पैसे मागू नका, अर्ज तिथेच कमजोर पडतो.

बजेटवर मात्र भरपूर वेळ घाला, माझ्या मते अर्ज तिथेच जिंकला जातो. बोटीचे दिवस लिहिताना खराब हवेचे जास्तीचे दिवस धरा. डीएनए काढायचा असेल तर सॅम्पल फॉर्मॅलिनमध्ये नाही, इथेनॉलमध्ये ठेवायचं, आणि इथेनॉल ज्वलनशील म्हणून विमानाने पाठवायचे नियम कडक आहेत, त्या पॅकिंगचा आणि कुरिअरचा खर्च वेगळा लिहा. मायक्रोप्लास्टिकवर काम असेल तर ब्लँक सॅम्पल (खरा नमुना न घालता तशीच प्रक्रिया केलेले रिकामे सॅम्पल) हवेतच, कारण आपल्याच कपड्यांचे धागे फिल्टरवर येऊन बसतात, मग तेवढे जास्तीचे फिल्टर पेपर धरा. असं लिहिलेलं दिसलं की वाचणाऱ्याला कळतं या मुलीने किंवा मुलाने काम मनात एकदा करून बघितलंय.

परमिट विसरू नका!! दगडी प्रवाळ साइट्स (CITES) या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, त्यामुळे तुकडा दुसऱ्या देशातल्या लॅबला पाठवायचा तर कागद लागतात, आणि जनुकीय काम असेल तर नागोया प्रोटोकॉल (एखाद्या देशाची जनुकीय संपत्ती वापरण्याबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार) मानणाऱ्या देशात बऱ्याचदा वेगळी परवानगी. हे महिनोन्‌महिने चालतं, सीझन निघून जातो. अर्ज कुठवर आलाय ते सरळ लिहा, आणि परमिट नाहीच आलं तर त्याच प्रश्नावर फोटो किंवा जुन्या डेटावरून काय करता येईल तेही दोन ओळीत लिहा.

शिफारसपत्रासाठी गाईडला किमान महिनाभर आधी सांगा, सोबत आपला ड्राफ्टही द्या, नाहीतर पत्र अगदी साधारण येतं. अजून एक, शेवटच्या तारखेला रात्री बारा म्हणजे कोणत्या देशाचे बारा हे नीट बघा आणि फॉर्म आदल्या दिवशीच सबमिट करून टाका.