नवी लक्झरी सेडान घरी आणताय? नागपुरात या चुका टाळा

दहा-बारा वर्षं एकच सेडान वापरल्यावर तिच्याच घराण्यातली नवी गाडी दारात आली की पहिले दोन-तीन महिने कौतुकाचे कमी आणि तक्रारींचे जास्त असतात. रामदासपेठेतले डॉक्टर असोत की वर्धमाननगरचे व्यापारी, गाऱ्हाणी बहुतेक तीच. टोलवर फास्टॅग वाचत नाही, फाटक लागत नाही, टायरचा पिवळा दिवा जात नाही. 'भाऊ, सिग्नलवर एसी गरम हवा मारून राहिला.' गाडीत खरोखर बिघाड निघाला असं क्वचित होतं. जुन्या गाडीच्या सवयी नवीला लावल्या जातात आणि नागपूरचं ऊन-पाऊस कोणी हिशेबात धरत नाही. आयुष्यभराच्या कमाईतून आणलेली इतकी सुंदर गाडी सहा महिन्यांत मालकाला नकोशी झालेली बघवत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पोर्च मोजल्याशिवाय बुकिंग करू नका

नाव तेच असलं तरी माप तेच राहत नाही. २००९ साली आलेली मर्सिडीजची ई-क्लास ४.८७ मीटर लांब होती. आज भारतात मिळणारी लांब व्हीलबेसची, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेली ई-क्लास ५.०९ मीटर आहे आणि बीएमडब्ल्यूची ५ सीरीज तर ५.१६ मीटरच्या घरात गेली आहे. बजाजनगर, लक्ष्मीनगर, प्रतापनगरमधल्या जुन्या बंगल्यांचे पोर्च अँबॅसिडरच्या काळातले, आणि ती गाडी होती साधारण ४.३ मीटर. टेप घ्या, फाटकाच्या आतल्या कडेपासून मागच्या भिंतीपर्यंत मोजा, डिकी उघडून सामान काढायला लागणारी जागाही त्यात धरा.

लांबीपेक्षा जास्त रडवतो तो फाटकाचा उतार. सिमेंटचे रस्ते झाल्यापासून शहरातली कितीतरी घरं रस्त्याच्या पातळीखाली गेली आणि फाटकाशी आखूड, उभा चढ तयार झाला. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर वाढलं की त्या चढाच्या माथ्यावर गाडीचं पोट टेकतं. जुनी गाडी वर्षानुवर्षं त्याच फाटकातून निघत आलेली असते, त्यामुळे कोणाला शंकाही येत नाही. टेस्ट ड्राइव्हची गाडी घरी मागवा, मागे तीन माणसं बसवा आणि मग आत-बाहेर करून पाहा. रिकामी गाडी निघते आणि भरलेली घासते, हा अनुभव इथे फार जणांचा आहे. तिरकं काढल्याने थोडं निभावतं, पण खरा उपाय म्हणजे गवंडी बोलावून चढ लांबवून घेणं. त्याचा खर्च खालचं आवरण एकदा बदलण्यापेक्षा कमीच येईल.

जुनी गाडी देताना तीन गोष्टी सोडू नका

एक्स्चेंजमध्ये जुनी गाडी दिली की लोक तिला विसरतात. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल विम्यात मिळणारी सूट, गाडीचा नसतो, मालकाचा असतो. पाच वर्षं क्लेम घेतला नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत जातो आणि नव्या गाडीच्या ओन डॅमेज प्रीमियमवर, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीच्या हप्त्यावर मिळतो. एवढ्या किमतीच्या गाडीला ही रक्कम चांगली घसघशीत होते. जुन्या विमा कंपनीकडून त्याचं प्रमाणपत्र मागून घ्या, ते तीन वर्षं चालतं. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून दिल्यावरही आरसी प्रत्यक्षात दुसऱ्याच्या नावावर झाली का, हे परिवहनच्या संकेतस्थळावर तपासा. नाहीतर एमएच ३१ चे चलान तुमच्याच मोबाइलवर येत राहतील. आणि जुना फास्टॅग बंद करा, कारण काचेवरचा टॅग नव्या मालकासोबत फिरतो आणि पैसे तुमच्या खात्यातून जातात.

फास्टॅग वाचत नाही, कारण तो चुकीच्या जागी आहे

या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांच्या पुढच्या काचेत उष्णता परतवणारा धातूचा अतिशय पातळ थर असतो. नागपूरच्या उन्हात तो वरदानच आहे, पण तो रेडिओ लहरीही अडवतो. टॅग जुन्या गाडीत होता तसा मधोमध चिकटवला तर टोलवर मागेपुढे होत बसावं लागतं, मागचे हॉर्न वाजवतात, आणि बँकेला तीनदा फोन करूनही उत्तर सापडत नाही. आरशाजवळ, काळ्या ठिपक्यांच्या भागात, या थराला मुद्दाम मोकळी जागा सोडलेली असते. मॅन्युअलमध्ये तिची आकृती मिळते. टॅग तिथेच लावा, मात्र कॅमेरा आणि पावसाचा सेन्सर झाकू नका. टॅग एकदा काढला की निकामी होतो, तेव्हा जागा आधी ठरवा आणि डिलिव्हरीच्या दिवशी शोरूमच्या माणसाला हातच लावू देऊ नका.

ऊन: काळी फिल्म, सिग्नलवरचा एसी आणि बॅटरी

मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की पहिला विचार येतो तो काळ्या फिल्मचा. नियमाने पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आत यायला हवा. धातूची फिल्म तर मोबाइल आणि जीपीएसचे सिग्नलही मंदावते. त्यापेक्षा किल्लीवरचं अनलॉकचं बटण दाबून धरा. बऱ्याच गाड्यांत चारही काचा बाहेरूनच उतरतात. भट्टीसारखी कोंडलेली हवा निघून जाऊ द्या, मिनिटभर काचा उघड्या ठेवून गाडी चालवा आणि मग एसी लावा. उभ्या गाडीत पंधरा मिनिटं एसी चालवून बसण्यापेक्षा गाडी अशी लवकर गार होते.

सिग्नलवर गरम हवा येते ती स्टार्ट-स्टॉपमुळे, म्हणजे गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद करणाऱ्या सोयीमुळे. इंजिन थांबलं की त्याच्या पट्ट्यावर चालणारा कॉम्प्रेसरही थांबतो आणि नुसता पंखा फिरत राहतो. गॅस कमी झाला असं समजून गॅरेजमध्ये गॅस भरायला नेऊ नका. उन्हाळ्यात स्टार्ट-स्टॉप बंद करण्याचं बटण दाबा. बहुतेक गाड्यांत ते दर वेळी दाबावं लागतं, एवढी सवय लावून घ्या. चालत्या गाडीतही हवा गार येत नसेल तर मात्र तपासणी हवी.

बॅटरीच्या बाबतीत जुनी सवय सर्वात महाग पडते. धरमपेठेतून सदरला जाऊन परत येणं, एवढ्या छोट्या फेऱ्यांत ती पुरती भरत नाही, वर उन्हाने तिचं आयुष्य घटतं. त्यात किल्ली गाडीशेजारच्या भिंतीवर टांगलेली असेल तर गाडीची यंत्रणा झोपत नाही, सतत जागी राहते, आणि बाहेरच्या दुकानातून वायर तोडून जोडलेला डॅशकॅम रात्रभर थेंबथेंब करंट पितो. महिनाभर बाहेरगावी जाणार असाल तर देखभालीचा चार्जर लावून ठेवा. बॅटरी बदलायची वेळ आली तर स्टार्ट-स्टॉपसाठीची एजीएम बॅटरीच घ्या, आणि नव्या बॅटरीची नोंद गाडीच्या संगणकात करावी लागते का ते विचारा. जंप स्टार्टसाठी बोनेटखाली वेगळे टर्मिनल दिलेले असतात. डिकीतल्या बॅटरीला थेट चिमटे लावण्याआधी ते शोधा.

समृद्धीवर निघण्याआधी टायर

११ डिसेंबर २०२२ ला नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला आणि ५ जून २०२५ पासून ७०१ किलोमीटरचा पूर्ण समृद्धी महामार्ग वाहता झाला. तेव्हापासून नवी सेडान आली की पहिली लांब फेरी तिथेच होते. सलग सिमेंटचा रस्ता, कारला १२० ची मर्यादा, वरून ऊन. इथे टायरची चूक थेट जिवावर बेतते, म्हणून यात कुठलीही तडजोड करू नका.

हवा थंड टायरमध्ये तपासायची, म्हणजे सकाळी, घराजवळच्या पंपावर. आकडा दाराच्या खांबावरच्या किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या स्टिकरवर असतो. पुढचा आणि मागचा वेगळा असू शकतो, आणि भरलेल्या गाडीसाठी तिसराच असतो. 'सगळीकडे ३५ मार' ही जुनी सवय इथेच सोडा. वाटेत थांबल्यावर गरम टायरमध्ये हवा जास्त दिसते, ती कमी करू नका. टायर गार झाल्यावर तीच हवा कमी पडेल, आणि कमी हवेचा टायर वेगात आतून तापून फुटतो. हवा भरल्यावरही पिवळा दिवा राहिला तर स्क्रीनच्या मेनूत जाऊन नवा दाब नोंदवा. तरीही तो परत आला तर बारीक पंक्चर आहे असं धरा.

रन-फ्लॅट, म्हणजे हवा गेल्यावरही काही अंतर चालणारे टायर असतील तर डिकीत स्टेपनी नसण्याची शक्यता आहे. हवा गेल्यावर ते साधारण ८० च्या वेगाने ८० किलोमीटर चालतात, त्यापुढे नाही. ते इतके टणक असतात की हवा गेलेली डोळ्यांना किंवा स्टीअरिंगला कळत नाही, त्यामुळे दिव्याकडे दुर्लक्ष करणं परवडत नाही. टायरच्या कडेवर चार आकड्यांचा कोड असतो. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. वापरलेली लक्झरी सेडान घेणाऱ्यांनी नक्षीची खोली बघण्याआधी तो वाचावा. कमी पळालेल्या गाडीची नक्षी छान दिसते आणि रबर मात्र म्हातारं झालेलं असतं.

पावसाळ्याआधीचं काम

मृगाच्या आधी अर्धा तास काढून एक काम स्वतः करा. सनरूफ पूर्ण उघडा आणि चौकटीच्या पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत बोट फिरवा. नागपुरात गाडी झाडाखालीच लागते, त्यामुळे तिथे कडुलिंबाच्या काड्या, गुलमोहराची बारीक पानं आणि काळा चिकट गाळ बसलेला असतो. तो पुसला की पेन्सिलच्या टोकाएवढं भोक दिसतं. तीच पाणी वाहून नेणारी नळी. बाटलीच्या झाकणाने थोडं थोडं पाणी सोडा आणि गाडीखाली बघा. चाकाच्या कमानीपाशी किंवा दाराच्या मागे ठिबकलं तर नळी मोकळी आहे. पाणी तिथेच साचून राहिलं तर नळी तुंबली आहे. पंपावरच्या जोरदार हवेने फुंकू नका, आतला सांधा निसटतो आणि मग पाणी थेट छताच्या कापडात उतरतं. तारही घालू नका. मऊ नायलॉनची दोरी चालते.

हे न केल्याची लक्षणं विचित्र असतात. सकाळी काचा आतून धुरकटतात, चटईखाली ओल लागते, एखादं सीट हलेनासं होतं किंवा स्पीकर मुका होतो. कारण या गाड्यांच्या गालिच्याखाली वायरी आणि काही इलेक्ट्रॉनिक डबे असतात. मालक सॉफ्टवेअर अपडेट करून थकतो आणि पाणी खाली मुरतच राहतं. पाऊस नसताना पुढच्या सीटच्या पायापाशी ओल आली तर सनरूफ सोडा आणि एसीच्या पाण्याची नळी बघा.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी परिसरात आणि सीताबर्डीपर्यंत जे पाणी शिरलं, त्यात बेसमेंटमधल्या आणि रस्त्यावरच्या कितीतरी गाड्या बुडाल्या. पाण्यात गेलेल्या गाडीचं बटण दाबून 'सुरू होते का' बघणं ही सर्वात मोठी चूक. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मूळ विमा असं नुकसान बहुधा नाकारतो, म्हणून इंजिन प्रोटेक्ट कव्हर पहिल्याच पॉलिसीत घ्या. पाणी ओसरल्यावर फोटो काढा, विमा कंपनीला कळवा आणि गाडी फ्लॅटबेडवरच, म्हणजे सपाट पाठीच्या ट्रकवर चढवूनच न्या. या गाड्यांना दोरीने टोचन करून ओढू नये.

इंधन आणि युरिया

जुनी गाडी पेट्रोलची आणि नवी डिझेलची असेल तर पहिले काही महिने पंपावर गाडीतून उतरत जा. पेट्रोलचं नोझल बारीक असल्यामुळे ते डिझेलच्या टाकीत सहज जातं. चूक लक्षात आली की इंजिनच काय, इग्निशनही चालू करू नका, कारण तेवढ्यानेही टाकीतला पंप इंधन पुढे ढकलू लागतो.

बीएस-६ डिझेलला डीईएफ म्हणजे युरियाचं द्रावण लागतं. कॅन आणून वर्षभर गच्चीखालच्या खोलीत ठेवणं नागपुरात चालत नाही. सतत ३० अंशांत हे द्रावण वर्षभर टिकतं, ३५ अंशांत सहा महिनेच. इशारा आल्यावर टाळाटाळ केलीत तर शेवटी बंद केलेली गाडी पुन्हा सुरूच होत नाही. डिझेलच्या धुराचा फिल्टरही नुसत्या शहरातल्या फेऱ्यांनी तुंबतो. दिवा लागला की वर्धा रोडने अर्धा-पाऊण तास एका वेगात जाऊन या. बहुतेक वेळा तो जातो. गेला नाही तर गाडी तशीच दामटत राहू नका.

ड्रायव्हरला शिकवा

गाडीची माहिती शोरूममध्ये साहेबांना दिली जाते आणि चालवतो ड्रायव्हर. युरोपीय गाड्यांत इंडिकेटर डावीकडे असतो, आणि काहींमध्ये उजवीकडची कांडी गिअरची असते. जपानी गाडीवर हात बसलेला माणूस वळताना तीच दाबतो आणि गाडी न्यूट्रलमध्ये जाते. रविवारी सकाळी मोकळ्या रस्त्यावर त्याला तासभर सराव करू द्या. त्याचं स्वतःचं प्रोफाइल बनवा, म्हणजे आरसे आणि सीट रोज बदलावे लागणार नाहीत. दुचाकी आडवी आली की गाडी ओरडते म्हणून आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा बंद करण्याकडे कल असतो. ती बंद करू नका, इशाऱ्याची वेळ 'उशिरा' वर ठेवा. पुढची काच बदलली तर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन करून घ्या. बंपर रंगवायला बाहेरच्या पेंटरकडे देऊ नका, रंगाचा थर जाड झाला की बंपरच्या आतला रडार नीट पाहू शकत नाही.

आणि सर्व्हिस सेंटरला जाताना 'कधी कधी आवाज येतो' एवढंच सांगू नका. स्क्रीनवर संदेश आला की गाडी बाजूला घेऊन त्याचा फोटो काढा. त्यात वेळ, किलोमीटर आणि बाहेरचं तापमान दिसू द्या, आणि तेव्हा एसी चालू होता की नाही, गाडी चढावर होती की सपाटीवर, एवढं लगेच मोबाइलमध्ये टिपून ठेवा. दुपारी दोनला ४४ अंशांत येणारा बिघाड सकाळी नऊला वर्कशॉपच्या सावलीत सापडत नाही. असं असेल तर गाडी एक दिवस तिथेच ठेवा आणि दुपारी तिथल्या माणसाला सोबत घेऊन चालवून दाखवा.