मैलापाण्याच्या प्लांटवर पहिलं वर्ष

एन्व्हायर्नमेंटल इंजिनिअरिंगची पदवी घेऊन मी मैलापाणी शुद्धीकरणाच्या प्लांटवर शिफ्ट इंजिनिअर म्हणून लागलो, तेव्हा घरी "गॅसवर वीज तयार करतो" एवढंच सांगायचो. गॅस कशाचा, हे आईने सहा महिन्यांनी विचारलं. त्या दिवसापासून माझा डबा बाहेरच्या नळावर घासायला लागला.

या लाइनीत यायचं म्हणणारी मुलं बरंच काही विचारतात. पगार, बढती वगैरेंवर फार सांगण्यासारखं नाही. प्लांट महापालिकेचा असला, तरी तो चालवतो बहुधा ठेकेदार, आणि तुमची नोकरी ठेकेदाराकडे असते. ठेका बदलला की पत्र बदलतं, खुर्ची बहुतेक वेळा तीच राहते. आयटीआय झालेली मुलं ऑपरेटर म्हणून येतात, रसायनशास्त्रवाले लॅबमध्ये, मेकॅनिकल-इलेक्ट्रिकलवाले देखभालीत. मुंबईत मिळून २,४६४ एमएलडीचे, म्हणजे रोज तेवढे दशलक्ष लिटर पाणी शुद्ध करू शकणारे, सात मोठे प्लांट उभारायचं काम हाती घेतलेलं आहे. त्यामुळे माणसं लागणारच.

पण मुलाखतीत एक गोष्ट विचारून घ्याच: डायजेस्टर (गाळ कुजवून गॅस काढणारी बंद टाकी) आहे का? आपल्याकडे अलीकडे झालेले पुष्कळ प्लांट एसबीआर पद्धतीचे, म्हणजे एकाच टाकीत आळीपाळीने हवा देऊन आणि निवळवून पाणी शुद्ध करणारे, आहेत. त्यांत बहुधा प्रायमरी टाकी, म्हणजे आलेल्या पाण्यातला गाळ आधीच खाली बसवणारी टाकी, नसते. गाळ हवा देऊनच बराचसा जिरतो आणि उरलेला सेंट्रिफ्यूजमधून पिळून बाहेर जातो. पाणी उत्तम निघतं, पण गॅस नाही. वीज शिकायची असेल तर ताजा प्रायमरी गाळ आणि तो कुजवणारा डायजेस्टर, दोन्ही हवेत. सुरत महापालिकेने अंजना इथल्या प्लांटवर २००३ मध्येच अशा गॅसवर अर्ध्या मेगावॉटचा वीजप्रकल्प सुरू केला होता. म्हणजे तंत्र काही नवं नाही.

मी पहिले दोन महिने इंजिन-रूमभोवतीच घोटाळलो. तिथे आवाज, आकडे, पाहुण्यांची वर्दळ. खरं काम मात्र थिकनर (गाळ दाट करणारी टाकी) ते डायजेस्टर या पन्नास पावलांत होतं, हे मला माझ्याच चुकीने कळलं.

डायजेस्टरला गाळ देणाऱ्या स्क्रू पंपाचा स्टेटर गेला. सुटा भाग यायला दोन दिवस लागले, तोवर थिकनरमध्ये गाळ साचत राहिला. पंप सुरू झाला तेव्हा रात्रपाळी माझी होती. म्हटलं, साचलंय ते संपवून टाकू. दिवसाला द्यायचा त्याच्या जवळपास तिप्पट गाळ मी एका रात्रीत आत ढकलला. दुसऱ्या दिवशी गॅसचं मीटर चढलं! मी लॉगबुकात ठळक अक्षरात नोंद केली.

चढलेला होता तो बराचसा कार्बन डायऑक्साइड. गॅसमध्ये एरवी ६० ते ६५ टक्के मिथेन असतो, तो ५० च्या खाली आला. इंजिन ट्रिप व्हायला लागलं, डायजेस्टरच्या झाकणापाशी फेस दिसला. आमच्या केमिस्ट मॅडमनी शांतपणे दोन आकडे समोर ठेवले: आम्ल आणि ते सावरून धरणारी क्षारता. त्यांचं गुणोत्तर एरवी ०.२ च्या आसपास असायचं, ते ०.५ च्या पुढे गेलं होतं. गाळाचं आम्ल करणारे जिवाणू चपळ असतात, त्या आम्लाचा मिथेन करणारे संथ. एकदम वाढलं तर पहिले ताट साफ करतात आणि दुसऱ्यांच्या पंगतीत आम्लाचा ढीग पडतो. मग गाळ कमी केला, चुना टाकला, वाट पाहिली. तीन आठवडे सगळी वीज बाहेरून घेतली. बिलाबद्दल वरिष्ठ काय बोलले ते इथे लिहीत नाही.

तेव्हापासून मी पीएचवर विसंबत नाही. पीएच खाली येईपर्यंत उशीर झालेला असतो, ते गुणोत्तर आधी बोलतं.

विजेचा हिशेबही जमिनीवर ठेवा. एक घनमीटर गॅसपासून साधारण दोन युनिट मिळतात, आणि प्लांटची निम्मी-अधिक वीज एरेशनचे, म्हणजे पाण्यात हवा सोडणारे, ब्लोअर खातात. ऑस्ट्रियातल्या स्ट्रासचा किंवा अमेरिकेतल्या ओकलंडचा प्लांट लागते त्याहून जास्त वीज करतो, हे खरं. पण ओकलंडला बाहेरून टँकर भरभरून खरकटं आणि कारखान्यांचं दाट सांडपाणी येतं. आपल्याकडे पुष्कळदा नाला अडवून पाणी आणतात. ते आधीच पातळ, त्यात पावसाळा. आषाढात गॅस घटला म्हणून कुणी जाब विचारला तर येणाऱ्या पाण्याचा बीओडी, म्हणजे त्यातल्या कुजणाऱ्या घाणीचं माप, दाखवा.

आणि नाकाबद्दल. कुजक्या अंड्याचा वास येतो तोवर बरं; हायड्रोजन सल्फाइड १०० पीपीएमच्या आसपास गेला की वास येणंच थांबतं. डिटेक्टर गळ्यात नसेल तर चेंबरचं झाकण उघडून वाकायचंसुद्धा नाही. बंद टाकीत तर परवाना आणि बाहेर माणूस असल्याशिवाय उतरायचंच नाही, मग मागे साहेब ओरडत उभे असोत. हाच वायू इंजिनही खातो. म्हणून स्क्रबरनंतरचा (गॅसमधून हा वायू काढणाऱ्या यंत्रानंतरचा) आकडा मी अजून शिफ्ट घेताना स्वतः पाहतो.

हल्ली नवा मुलगा आला की पहिला आठवडा मी त्याला इंजिन-रूम दाखवतच नाही. थिकनरपाशी मगभर गाळ काढून हातात देतो आणि विचारतो, कालच्यापेक्षा दाट आहे की पातळ?