युद्धात सापडलेल्या सामान्य माणसाचा चार्ट कोड करताना या चुका टाळा

मेडिकल कोडिंग म्हणजे रुग्णाच्या नोंदीतले आजार, उपचार ठरावीक कोडमध्ये लिहिणं. त्याच्या नव्या बॅचला मी सरावासाठी एक चार्ट, म्हणजे रुग्णाच्या नोंदीचा कागद, देते. तो माझा मीच रचलेला आहे. चाळिशी ओलांडलेली कुर्दी बाई, राहणार अमेरिकेतलं नॅशव्हिल. तिथं कुर्दी लोकांची त्या देशातली सगळ्यात मोठी वस्ती आहे, म्हणून शहर मुद्दाम ते घेतलं. जुनाट खोकला, जिना चढताना दम, डोळ्यांची आग. खाली डॉक्टरांची एकच ओळ: वयाच्या सातव्या वर्षी हलब्जातल्या रासायनिक हल्ल्यात सापडली, फुप्फुसाचा आजार त्याचाच परिणाम.

हलब्जा हे इराकमधलं कुर्दी गाव. इराण-इराक युद्ध चालू असताना, १६ मार्च १९८८ रोजी, सद्दाम हुसेनच्या विमानांनी तिथं मस्टर्ड (कातडीवर फोड आणणारं रसायन) आणि नर्व्ह एजंट (मज्जासंस्थेवर घाला घालणारी विषं) टाकले. सुमारे ५,००० माणसं गेली, बहुतेक साधी घरातली माणसं. जी वाचली त्यांच्यापैकी कित्येकांची फुप्फुसं आणि डोळे आजही त्या दिवसाचे भोग भोगतायत. हे मी कोड उघडण्याआधी सांगते, कारण पुढच्या चुका इतिहास न वाचल्यानेच होतात.

सहावं अक्षर

रासायनिक शस्त्रं आणि अपारंपरिक युद्धाच्या इतर प्रकारांसाठी अमेरिकन आयसीडी-१० मध्ये, म्हणजे आजारांच्या आणि इजेच्या कारणांच्या कोडसूचीत, वाय३६.७ आहे. वायचे हे कोड इजा कशामुळे झाली ते सांगतात. पाचव्या जागी नुसता एक्स भरायचा. तो गाळला की कोड अवैध. सहाव्या जागी ० म्हणजे सैनिक, १ म्हणजे नागरिक. यादीत शून्य वर असतो आणि घाईत तोच निवडला जातो. मग सात वर्षांची पोर नोंदीत सैनिक होऊन बसते.

दहशतवादाच्या वाय३८.७ मध्ये तर आकडेच वेगळे. तिथं १ म्हणजे पोलिस, अग्निशमन यांसारखे सुरक्षा कर्मचारी, २ म्हणजे नागरिक आणि ३ म्हणजे खुद्द दहशतवादी. सवयीने १ दाबू नका.

युद्ध की दहशतवाद?

हलब्जा हे युद्ध, म्हणून वाय३६. वाय३७ शांततेच्या काळातल्या लष्करी कवायतींसाठी आहे. वाय३८ मात्र एफबीआयने, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेने, घटना दहशतवादी ठरवली असेल तरच. नुसता संशय असेल तर हल्ल्याचा, म्हणजे असॉल्टचा कोड. बातमीत काय म्हटलंय यावर कोड ठरत नाही.

ए, डी, एस

हे कोडचं सातवं अक्षर. ‘ए’ म्हणजे इजेवर उपचार चालू, ‘डी’ म्हणजे त्यानंतर बरं होतानाची भेट, ‘एस’ म्हणजे सिक्वेला, जुन्या इजेचा मागे राहिलेला परिणाम. सगळ्यात जास्त गुण इथं जातात. घटना जुनी, पण रुग्ण आपल्याकडे पहिल्यांदा आली, म्हणून मुलं बिनधास्त ‘ए’ लावतात. हा सिक्वेला आहे. आधी आजचा फुप्फुसाचा आजार, मग मूळ विषबाधेचा टी-कोड, त्याला ‘एस’, मग वाय३६.७एक्स१एस. आजाराच्या कोडला ‘एस’ लागत नाही, आणि वाय-कोड कधीच पहिला येत नाही.

उलटी चूकही होते. युद्ध संपून वर्षं लोटली आणि पोराचा पाय जुन्या सुरुंगावर पडला. सुरुंग जुना असला तरी जखम ताजी आहे. त्यासाठी स्वतंत्र कोड आहे, वाय३६.८११, आणि उपचार चालू असताना त्याला ‘ए’च.

उपचारातल्या चुका कोडरनेही ओळखाव्यात

नोट वाचताना कुठं अडखळायचं ते त्याशिवाय कळत नाही. मस्टर्ड लागल्यावर काही तास काहीच दुखत नाही. ‘तक्रार नाही’ एवढ्यावर घरी पाठवलेला माणूस रात्री फोड आणि सुजलेले डोळे घेऊन परततो. मस्टर्डवर उतारा नाही, त्यामुळे कपडे काढून अंग धुणं लगेच व्हायला हवं.

२० मार्च १९९५ रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन हा नर्व्ह एजंट सोडला गेला. सेंट ल्यूक्स हॉस्पिटलमध्ये पहिल्याच दिवशी ६४० रुग्ण आले. कपड्यांतून उडणाऱ्या वाफेने तिथल्या कर्मचाऱ्यांनाही त्रास झाला. अशा वेळी कर्मचारी हाही रुग्णच, त्याचाही चार्ट व्हायला हवा.

सारिन आणि आपल्याकडची ऑर्गनोफॉस्फरस कीटकनाशकं एकाच कुळातली. फवारणीच्या विषबाधेत विदर्भातल्या डॉक्टरांच्या हाताखालून ॲट्रोपिन आणि प्रॅलिडॉक्झिम ही उताऱ्याची औषधं नेहमी जातात. ॲट्रोपिन डोळ्यांतल्या बाहुल्या बघून थांबवायचं नसतं. छातीतला स्राव सुकून श्वास मोकळा होईपर्यंत द्यायचं असतं. नोटमध्ये फक्त बाहुल्यांचंच माप असेल तर श्वासाची नोंद कुठं आहे ते शोधा.

अंदाज बांधू नका

नोटमध्ये नुसतं ‘लहानपणी गॅसचा त्रास’ असेल आणि आजच्या आजाराशी डॉक्टरांनी तो जोडला नसेल, तर सिक्वेला लावायचा नाही. क्वेरी, म्हणजे डॉक्टरांना लेखी प्रश्न, पाठवा: कोणता वायू, कधी, कुठं, आजचा आजार त्यामुळेच का? वाय-कोडचे पैसे मिळत नाहीत आणि सगळीकडे ते सक्तीचे नाहीत, म्हणून क्वेरी टाळणारे मी पाहिलेत. मला ते पटत नाही. हलब्जाचं नाव त्या बाईच्या कागदावर येण्याची तेवढीच एक जागा आहे. उत्तर येईपर्यंत चार्ट होल्डवर ठेवा.