झेनमध्ये एस्टीमचे इंजिन बसवताना

मारुती झेनच्या ९९३ सीसी इंजिनाच्या जागी एस्टीमचे १२९८ सीसी इंजिन बसवण्यापूर्वी पुण्याच्या आरटीओकडे लेखी विचारणा करावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेला मूळ तपशील बदलता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले; परवानगी नसेल तर अशी गाडी रस्त्यावर आणू नये.

जुने इंजिन विकत घेताना चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन (आत निर्माण होणारा दाब) आपल्यासमोर मोजून घ्यावे. एखाद्या सिलिंडरचा आकडा इतरांपेक्षा बराच कमी भरला, तर किंमत कितीही मोहात पाडणारी असली तरी ते इंजिन सोडून द्यावे. निवडलेल्या इंजिनाचा ईसीएम (इंजिन नियंत्रित करणारा छोटा संगणक) आणि संपूर्ण वायरिंग सोबतच घ्यावे, कारण कापलेल्या वायरी जोडत बसण्यात मेकॅनिकचे दिवसच्या दिवस जातात. झेन कार्ब्युरेटरची (पेट्रोल व हवा मिसळणाऱ्या जुन्या पद्धतीच्या भागाची) असेल तर एमपीएफआय, म्हणजे प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळे पेट्रोल फवारणाऱ्या, इंजिनासाठी जास्त दाबाचा पेट्रोल पंप आणि उरलेले पेट्रोल टाकीत नेणारी परतीची नळी लागते.

ब्रेक आणि रेडिएटर मात्र इंजिनाच्या आधी सुधारावेत, हा माझा ठाम आग्रह आहे. कात्रजच्या चढावर तापमानाचा काटा वर सरकू लागला, तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे आणि ते पूर्ण थंड होईपर्यंत रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नये.