टाचदुखी: पलंगावरून उतरण्याआधीचा ताण

सकाळी पहिलं पाऊल टेकताच टाचेत कळ येते आणि थोडं चाललं की ओसरते, हे प्लँटर फॅसायटिसचं, म्हणजे टाचेपासून बोटांपर्यंत जाणाऱ्या तळव्याच्या जाड पडद्याच्या दुखण्याचं, नेहमीचं लक्षण. झोपेत हा पडदा आखडतो आणि उठल्याबरोबर त्यावर अख्खं वजन पडतं. म्हणून ताण द्यायचा तो उतरण्याआधी.

पलंगाच्या कडेला बसा. दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्या. पाचही बोटं मुळाशी धरून नडगीकडे ओढा. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तळव्याची कमान चाचपा. तारेसारखी ताठ पट्टी लागली तर ताण बरोबर बसला. बहुतेक जण नुसती बोटांची टोकं वाकवतात, त्याने काही होत नाही. १० सेकंद धरा, सोडा, असं १० वेळा. दिवसातून ३ फेऱ्या, शिवाय बराच वेळ बसून उठण्याआधी एक.

मग पाय थेट चपलेत. फरशीवर अनवाणी फिरलात तर सकाळची मेहनत वाया. टाचेकडे झिजलेली हवाई चप्पलही नको. संध्याकाळी गोठवलेली पाण्याची बाटली कापडात गुंडाळून ५ ते १० मिनिटं तळव्याखाली फिरवा. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी असेल तर बर्फ टाळाच.

फरक पडायला आठवडे लागतात, कधी महिने. सूज, मुंग्या, बधिरपणा किंवा झोपेतही ठणका असेल तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. एक्स-रेमध्ये टाचेचं हाड वाढलेलं दिसलं म्हणून घाबरू नका. न दुखणाऱ्या टाचांतही ते सापडतं.