परसातला विटा-वाळूचा शीतकक्ष: घरीच शिकणाऱ्या मुलांनी कसा बांधावा

शाळेत न जाता घरी शिकणाऱ्या, तेरा ते सतरा वयाच्या दोघातिघांना पहिलं बांधकाम द्यायचं, तर चुकलं की उकलून पुन्हा रचता येईल असंच द्यावं. सोलापुरात त्यासाठी भाजीपाल्याचा शीतकक्ष उत्तम. वीज न लागणारा हा कक्ष दिल्लीच्या पुसा इथल्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने १९८०च्या दशकात तयार केला. दोन भिंतींच्या मधे ओली वाळू असते. कोरडा वारा तिच्यातलं पाणी उडवतो आणि प्रत्येक लिटरमागे सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता त्याबरोबर जाते. म्हणजे ज्या उन्हाळ्याला आपण शिव्या देतो, तोच इथे राबतो.

काम जानेवारीतली गड्ड्याची यात्रा (सोलापूरची सिद्धेश्वराची जत्रा) आटोपली की काढावं. एप्रिलमध्ये सकाळी नवानंतर वीट हातात धरवत नाही.

सामान

९ × ४ × ३ इंची विटा ४०० (हिशेबाने ३७५च्या आसपास लागतात, बाकी तुटफुटीला), मुरूम पाव ब्रास (२५ घनफूट), वाळू सिमेंटच्या रिकाम्या आठ गोण्या भरून (साधारण १० घनफूट), पांढरी माती चार-पाच गोण्या, जाड प्लास्टिक, बांबू, गोणपाट आणि उसाचं पाचट. हत्यारं म्हणजे थापी, ओळंबा (भिंत उभी सरळ आहे का ते बघायला), गुण्या (काटकोन बघायला), सुतळी, धुम्मस (मुरूम ठोकून दाबायला), दोन घमेली आणि पाणी भरून पातळी बघायची पारदर्शक नळी.

एक वीट साधारण तीन किलोची, म्हणजे ४०० विटा बाराशे किलो झाल्या. मुलांनी घमेल्यात एका वेळी चारच घ्याव्यात. विटांच्या ढिगात विंचू हमखास बसतो, त्यामुळे वीट आधी काठीने हलवायची, मग हातमोजे घालून उचलायची. एवढ्यापुरता मोठ्या माणसाने जवळ उभं राहावं. बाकी वेळी मोजमापात तोंड घालू नये.

आखणी आणि पाया

वारा येईल अशी, थोडी उंचवट्यावरची जागा घ्या. कक्षाचं बाहेरचं माप १६५ × ११५ सेंमी. चार खुंट्या ठोकून सुतळी ताणा आणि दोन्ही कर्ण मोजा. ते २०१ सेंमी भरले तर कोपरे काटकोनात आहेत. हे २०१ कुठून आले ते मुलांनी आधी कागदावर काढावं. दहावीतलं पायथागोरसचं प्रमेय इथे खुंटीला बांधलेलं सापडतं.

पायावर जास्त वेळ द्या, कारण सोलापूरची काळी माती पाणी लागलं की फुगते, वाळली की भेगाळते, आणि या कक्षाला तर रोज पाणी घालायचंय. साडेसहा × पाच फूट जागेतली काळी माती आठ इंच खोल काढून टाका. मुरूम दोन थरांत भरा आणि प्रत्येक थर पाणी मारून धुमसा. सगळा मुरूम एकदम ओतला तर वरून घट्ट वाटतो, आत पोकळ राहतो, आणि महिन्याभरात एक कोपरा खचतो. वर प्लास्टिक अंथरून विटांची फरशी लावा. एका बाजूला अर्धा इंच उतार ठेवा, नाहीतर आत पाणी साचून डास होतील.

भिंती

विटा आदल्या रात्री भिजत घाला. कोरडी वीट गाऱ्यातलं पाणी ओढून घेते आणि सांधा भुसभुशीत होतो. दोन भाग पांढरी माती आणि एक भाग वाळू चाळून गारा करा. काळी माती नको. सिमेंटही नको: ते ओल अडवतं, आणि चुकलेला थर मग छिन्नीशिवाय निघत नाही.

बाहेरची भिंत एका विटेच्या रुंदीची, चार इंच जाडीची. तिच्या आत साडेसात सेंमी फट सोडून दुसरी तशीच. सांधा एक सेंमीचा धरला तर आठ थरांत ६८ सेंमी उंची होते. वरच्या थरातला उभा सांधा खालच्या विटेच्या मधोमध यायला हवा. सांधे एका रेषेत आले तर वाळूच्या दाबाने भिंत नेमकी तिथेच पोट काढते. दर दोन थरांनंतर ओळंबा आणि पाण्याची नळी लावा. नळीत बुडबुडा असेल तर पातळी खोटी दाखवते.

वाळू आणि झाकण

काचेच्या बरणीत मूठभर वाळू आणि पाणी हलवून तासभर ठेवा. वर गाळाचा जाड थर बसला तर वाळू धुऊन घ्या. क्रश सँडला, म्हणजे दगड फोडून केलेल्या वाळूला, हे बहुधा करावंच लागतं. भिंती दोन दिवस सुकल्यावर फटीत वाळू वीतभर भरा, पाणी सोडा, मग पुढची वीत. चारही बाजूंनी सारखी भरत जा.

बांबूच्या चौकटीवर गोणपाट आणि पाचट बांधून झाकण करा. वर सहा फुटांवर पाचटाचं छप्पर हवंच. उन्हात उघडा ठेवलेला कक्ष नुसतं पाणी पितो.

पाणी आणि वापर

पहिल्यांदा भिजवायला दोनशे लिटरच्या आसपास पाणी लागेल. पुढे सकाळ-संध्याकाळ मिळून दोन-तीन बादल्या. नळाला रोज पाणी नसतं, तेव्हा एक पिंप यासाठी वेगळं भरून ठेवा. बोअरच्या जड पाण्याने विटांवर पांढरा खार चढून छिद्रं बुजतात. पंधरा दिवसांनी काथ्याच्या ब्रशने घासा.

मेथी, पालक, टोमॅटो, डाळिंबं जाळीच्या क्रेटमध्ये ठेवा, फरशीवर टेकवू नका. कांदा-लसूण आत ठेवले तर कोंब फुटतात, सडतात. दूध आणि शिजवलेलं अन्न तर ठेवूच नये, हा फ्रिज नव्हे.

मुलांनी दोन तापमापक आणावेत आणि एकाच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळावं. हवा ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के असताना ओला तापमापक २२-२३ अंशांवर थांबतो. कक्ष त्याच्या खाली जात नाही, बहुतेकदा थोडा वरच राहतो. पावसाळ्यात ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला ओला तापमापक २७ दाखवतो, म्हणजे जेमतेम तीन अंशांचा फरक. म्हणून जुलै लागला की पाणी बंद करा, क्रेट बाहेर काढा, झाकण उचलून कक्ष वाळू द्या आणि पाचट बदला. पोट काढलेली भिंत उतरवून पुन्हा रचायची असेल, तर तेही याच दिवसांत, छपराखाली.