कुरणात गुरं सोडण्याआधी पानं मोजा

आयर्लंडमध्ये मांसासाठी पाळलेली गुरं वसंतापासून शरदापर्यंत कायमच्या कुरणावरच वाढतात. वर्षानुवर्षं नांगर न लागलेल्या या रानातलं मुख्य गवत म्हणजे बहुवर्षायू रायग्रास. त्याच्या एका फुटव्यावर (बुडातून निघणाऱ्या कोंबावर) एका वेळी साधारण तीनच पानं जिवंत राहतात. चौथं फुटलं की सगळ्यात जुनं पिवळं पडून सडतं, म्हणजे चारा फुकट. त्यामुळे तारीख बघून गुरं हलवण्यापेक्षा वाकून चार-सहा फुटवे चाचपा आणि पानं मोजा. मागच्या चराईतलं अर्धवट तुटलेलं पान धरायचं नाही. अडीच-तीन पानं, उंची 8 ते 10 सेंटीमीटर दिसली की गुरं आत.

बाहेर काढायची उंची साधारण 4 सेंटीमीटर. पुन्हा फुटायची साखर गवत बुडख्यात साठवतं. तेच खरवडलं तर चराईची पुढची पाळी लांबते. शेणाच्या पोभोवतीचा उंच झुपका गुरं टाळणारच, तो बघून ‘अजून भरपूर आहे’ असं समजू नका.

एका तुकड्यात तीन दिवसांहून जास्त ठेवायची वेळ आली, तर चरून झालेल्या भागाकडे झटक्याची तार मागूनही ओढा. बरेचजण फक्त पुढची तार सरकवतात. गुरं मात्र लुसलुशीत कोंबासाठी मागेच वळतात. पाणी तेवढं मागे राहिलेलं नाही ना, हे बघा.